पाणीगळतीचा अलार्म घरात बसवण्यात अर्थ आहे का? (तिसरा मजला, १९९८ ची बिल्डिंग)

हिशेबी:

प्रश्न साधा आहे, पण आधी काय झालं ते सांगते, म्हणजे उत्तर देणाऱ्यांना आमची यत्ता कळेल.

मे महिन्यातला रविवार. सासवडला भाचीच्या लेकीचं बारसं. सकाळी आठला मी, आमचे हे आणि सासूबाई गाडीत बसलो. गॅसचा कॉक बंद, गीझर बंद, गॅलरीचं दार लावलेलं, बाहेर दोन कुलपं. हे सगळं मी दोनदा तपासते आणि घरात त्यावरून माझी थट्टा होते. संध्याकाळी पाचला परतताना हडपसरच्या गर्दीत अडकलो होतो आणि खालच्या काकूंचा फोन. "अगं, तुमच्याकडे कोणी आहे का घरात? माझ्या स्वयंपाकघरात वरून धार लागलीय." धार म्हणाल्या. थेंब नाही.

कोथरूडला पोचलो तोवर वॉचमनने गच्चीवर जाऊन दिसतील तेवढे सगळे व्हॉल्व्ह बंद केले होते, कारण कुठला कोणाचा हे कुणालाच माहीत नाही. भर उन्हाळ्यात अख्खी बिल्डिंग तासभर कोरडी. आमच्या स्वयंपाकघरात पावलं बुडतील एवढं पाणी आणि त्यावर कांद्याची सालं तरंगत होती. आरओला पाणी देणारी ती पांढरी, करंगळीहून बारीक नळी नळाच्या सांध्यातून सुटली होती. व्हॉल्व्ह पुन्हा उघडायला लावला तेव्हा ओट्याखाली सापासारखी वळवळायला लागली.

मी बँकेत एकतीस वर्षं कॅशला होते. हिशेब लागेपर्यंत मला झोप येत नाही. ती नळी बादलीत सोडली आणि घड्याळ लावलं. मिनिटाला सव्वा लिटर. आम्ही निघाल्या निघाल्या सुटली असं धरलं तर नऊ तासांत ६७५ लिटर. शहरात माणशी रोज १३५ लिटर हा सरकारी निकष. म्हणजे पाच माणसांचं दिवसाचं पाणी काकूंच्या माळ्यावर गेलं.

आणि माळ्यावर काय, तर वर्षाचं धान्य. दीड क्विंटल गहू, ऊन दाखवून, एरंडेल चोळून पत्र्याच्या कोठीत भरलेला. शेजारी डब्यांत त्या आठवड्यात वाळवून ठेवलेल्या कुरडया आणि साबुदाण्याच्या पापड्या. गहू आम्ही भरून दिला. रंगाचे पैसे दिले. कुरडया कुठून आणू? काकू एक शब्द बोलल्या नाहीत, उलट सासूबाईंना पायऱ्या चढताना हात दिला. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता मूळ प्रश्न. ह्यांनी ठरवलंय की पाणीगळती ओळखणारे सेन्सर, फोनवर सूचना आणि आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह असं सगळं बसवायचं. हैदराबादहून मुलगा रोज एक लिंक पाठवतो. सगळं मिळून पंचवीस हजारांच्या घरात जातंय. मला पटलं तर पंचवीस हजारही देईन, नाही पटलं तर अडीचशेही देणार नाही. कुणी प्रत्यक्ष वापरलंय का? शिवाय आमच्या बेडरूमच्या भिंतीला (पलीकडे बाथरूम) खालून वीतभर पोपडे येताहेत, तेही या यंत्राला कळेल का? आणि सासूबाई ८४ च्या आहेत, दुपारी घरी एकट्या असतात, ऐकू कमी येतं. वाजला तर ऐकणार कोण?

गच्चीवरचा:

बाहेर पडताना पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करा. झाला अलार्म. पंचवीस हजारात अष्टविनायक करून या.

हिशेबी:

कुठला व्हॉल्व्ह, तेच तर कुणाला माहीत नाही. आणि अष्टविनायकाला गेलो तर परत कुलूप लावूनच जाणार ना!

साइटवाला:

ताई, मी प्लंबिंगचे ठेके घेतो, सव्वीस वर्षं झाली. यंत्र विकत नाही, त्यामुळे मोकळेपणाने सांगतो.

पहिलं हे की तो सेन्सर म्हणजे काही जादू नाही. खाली दोन धातूचे ठिपके असतात. दोन्ही ओले झाले की पाण्यातून करंट जातो आणि तो ओरडतो. म्हणजे पाणी लादीवर आलं पाहिजे, आणि नेमकं त्याच्याखाली आलं पाहिजे. दोन फुटांवरून उतार धरून नहाणीकडे गेलं तर तो बसलाय आपला शांत. तुमच्या आरओच्या नळीसाठी तो बरोबर जागचा आहे. ओट्याखाली ठेवला असता तर पहिल्या पाच मिनिटांत बोंबलला असता. पण रविवारी दोन कुलपांच्या आत बोंबलून उपयोग काय, तेव्हा तुमच्या यजमानांचंही अगदी चूक नाही.

आता आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह. जाहिरातीत दाखवतात ती मोटर नळाच्या दांडीवर बसते आणि दांडी पाव फेरा फिरवते. दांडीचा बॉल व्हॉल्व्ह असेल तरच. १९९८ ची बिल्डिंग म्हणताय, म्हणजे बहुतेक पितळी गेट व्हॉल्व्ह असणार, चाकाचा. त्याला पाच-सहा फेरे लागतात आणि वर्षानुवर्षं कुणी हात लावलेला नसतो. मोटर सोडा, मी पान्हा लावतो तेव्हा सुद्धा देवाचं नाव घेतो. त्यातला स्पिंडल तुटला की ऐन वेळी पाणी बंदच होत नाही.

आणि खरी गोम पुढेच आहे. नवीन टॉवरमध्ये बऱ्याच ठिकाणी फ्लॅटला एक मुख्य लाइन असते. तुमच्यासारख्या बिल्डिंगमध्ये गच्चीवरच्या टाकीतून स्वयंपाकघराची लाइन वेगळी उतरते, बाथरूमची वेगळी, संडासाची वेगळी. ती वरपासून खालपर्यंत सगळ्या मजल्यांना पाणी देत जाते. तुमच्या घरात नेमक्या किती लाइनी शिरतात ते आधी मोजा. डक्टची (पाइप उतरतात त्या उभ्या पोकळीची) खिडकी उघडा, बॅटरी मारा, मोजा. मग एका मोटरचं गणित करा.

नळी का सुटली हेही बघा. तुमच्या डोक्यावर चौथा मजला आणि मग टाकी, म्हणजे पाणी साधारण सात-आठ मीटरवरून येतंय. दहा मीटरला एक किलो प्रेशर, तर तुमच्याकडे पाऊण किलो. एवढ्याने नीट बसवलेली नळी सुटत नाही. ती दाबून बसवायची असते. टोक सरळ कापलेलं पाहिजे, तिरकं नाही, आणि पूर्ण आत गेली पाहिजे. वर एक छोटी निळी किंवा लाल क्लिप येते, ती असली की नळी मागे सरकत नाही. कॅण्डल बदलायला येणारी मुलं यंत्र पुढे ओढतात, नळीला हिसका बसतो, क्लिप ओट्याखाली पडते आणि केरात जाते. तुमच्याकडे शेवटची सर्व्हिस कधी झाली होती?

आरओसाठीच एक वेगळी वस्तू येते, लीक स्टॉप व्हॉल्व्ह म्हणतात. काडेपेटीहून जरा मोठी. आरओच्या खाली ठेवायची आणि पाण्याची नळी तिच्यातून न्यायची. आत एक कोरडी वडी असते. पाणी लागलं की ती फुगते आणि त्या रेट्याने नळी आतून बंद होते. वीज नाही, वायफाय नाही, ॲप नाही. एकदा भिजली की वडी बदलायची. रविवारी सासवडला असतानाही ती आपलं काम करते. मी माझ्या घरी तीच लावली आहे.

भिंतीच्या पोपड्यांचं वेगळं लिहितो, आत्ता साइटवर स्लॅब चालू आहे.

हिशेबी:

सर्व्हिस बारशाच्या आधल्या बुधवारी झाली होती. क्लिप मला आज सिलिंडरच्या मागे सापडली. निळी.

कोणाला नावं ठेवायची नाहीत, पण ती क्लिप मी देवघरात एका वाटीत ठेवली आहे. पुढच्या वेळी सर्व्हिसवाला आला की आधी वाटी समोर ठेवणार.

एडिसनकर:

मी न्यू जर्सीत असतो. ही यंत्रं मुळात आमच्यासारख्या घरांसाठी निघाली, म्हणून लिहावंसं वाटलं. इथे पाणी टाकीतून येत नाही, थेट रस्त्याखालच्या लाइनमधून दाबाने येतं, साधारण साठ पीएसआय. साइटवाल्यांच्या भाषेत चार किलोच्या वर. घर लाकडाचं, भिंती जिप्समच्या, आणि वॉशिंग मशीन वरच्या मजल्यावर बेडरूमशेजारी. नळी फुटली तर खालची सीलिंग पापडासारखी मऊ होऊन खाली येते आणि दोन दिवसांत बुरशी. शिवाय घराला एकच मुख्य व्हॉल्व्ह, बेसमेंटमध्ये. म्हणून इथे आपोआप बंद होण्याला अर्थ आहे. काही विमा कंपन्या त्यासाठी हप्त्यात सवलतही देतात.

माझा अनुभव २०२२ च्या ख्रिसमसच्या थंडीतला. आम्ही नाशिकला आई-बाबांकडे. रात्री दोनला फोन वाजला: खालच्या सिंकखाली पाणी. इकडे तेव्हा दुपारचे साडेतीन. बाहेरच्या भिंतीतला पाइप गोठून फाटला होता आणि उन्हाने बर्फ सैल झाल्यावर पाणी यायला लागलं. शेजाऱ्यांना गॅरेजच्या दाराचा आकडा माहीत होता, त्यांनी पळत जाऊन व्हॉल्व्ह बंद केला. एक गालिचा गेला, बाकी वाचलं.

तेव्हा सेन्सरचे पैसे वसूल झाले, पण मला विचाराल तर निम्मं श्रेय त्या शेजाऱ्यांचं. फोनवर सूचना येऊन मी नाशिकमधून काय करणार होतो? आणि वायफाय गेलं की यंत्र मुकं. तुमच्याकडे दिवे गेल्यावर राउटर चालतो का, हेही बघा.

बीसी-५४७:

मी निवृत्त शिक्षक, आठवी-नववीला विज्ञान. साइटवाल्यांनी जे तत्त्व सांगितलं ते आम्ही दरवर्षी विज्ञान प्रदर्शनात करायचो. एक बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, एक बझर, नऊ व्होल्टची बॅटरी, एक रेझिस्टर, दोन तारा. तारांमध्ये पाणी आलं की ट्रान्झिस्टरच्या बेसला किंचित करंट मिळतो आणि बझर बोंबलतो. पाणी नसताना करंट जवळजवळ शून्य, त्यामुळे बॅटरी वापरून संपत नाही, पडून पडून म्हातारी होते. मी दर पाडव्याला बदलतो. तारांच्या टोकांना स्टीलचे स्क्रू लावा, तांबं हिरवं पडतं.

पण एक गंमत सांगतो. माझ्या घरी मी तो आरओच्या खाली ठेवला आणि तपासायला त्याच्यावर नळाचं पाणी ओतलं. खणखणीत वाजला. मग आरओमधून निघालेलं गोड पाणी ओतलं, तर मेल्या कोंबडीसारखा कण्हला. कारण त्या पाण्यात क्षार फार कमी, करंट वाहून न्यायला काही उरलेलंच नसतं. एकाऐवजी दोन ट्रान्झिस्टर एकापुढे एक जोडले (डार्लिंग्टन जोडी) तेव्हा ठीक झालं. एसीच्या पाण्याचंही तेच. विकतचा घेतलात तरी तो ज्या पाण्यासाठी ठेवणार त्याच पाण्याने तपासा.

हिशेबीताई, तुमच्या सासूबाईंसाठी अजून एक. वय वाढलं की आधी बारीक, उंच आवाज ऐकू येईनासे होतात, आणि या बझरचा आवाज नेमका तसाच किरकिरा असतो. मला स्वतःला सत्तरीत शेजारच्या खोलीतला ऐकू येत नाही, नातू सांगतो "आबा, तुझं वाजतंय". टाकी भरल्यावर बोलणारे अलार्म असतात ना, बाईच्या आवाजात हिंदीतून सांगतात ते, त्यांचं तत्त्व हेच आहे. दोन-तीनशेला मिळतो. टाकीऐवजी त्याची तार ओट्याखाली सोडली तर? माणसाचा आवाज त्यांना कदाचित जास्त कळेल.

माजी सेक्रेटरी:

अकरा वर्षं सोसायटीचा सेक्रेटरी होतो. माझ्याकडे गळतीच्या जेवढ्या तक्रारी आल्या त्यांतल्या दहातल्या नऊ या खेळण्यांनी पकडल्या नसत्या. नळी सुटते वर्षातून एकदा कुणाकडे तरी. ओल येते रोज, सगळ्यांकडे, आणि मग वरचा म्हणतो माझी लादी कोरडी आहे, खालचा म्हणतो माझ्या डोक्यावर पडतंय. दोघंही खरं बोलत असतात. बाथरूमच्या लादीखाली संकन (मुद्दाम खोलगट ठेवलेल्या) स्लॅबमध्ये विटांचा कोबा भरलेला असतो, तो स्पंजासारखं पाणी पीत बसतो. महिनोन्महिने. मग एक दिवस खालच्या बेडरूममध्ये पंख्याच्या हुकातून टिपकतं, कारण पाणी वायरिंगच्या पाइपमधून वाट काढत तिथवर गेलेलं असतं. वरती सेन्सर ठेवून काय दिसणार? लादी कोरडीच असते.

आणि हिशेबीताई, तुम्ही काकूंना भरपाई दिलीत ते योग्यच केलंत. २०१४ च्या आदर्श उपविधींप्रमाणे बाहेरच्या सामाईक पाइपची, ड्रेनेज लाइनची आणि पावसाच्या पाण्याची गळती सोसायटीकडे, फ्लॅटच्या आतली दुरुस्ती सभासदाकडे. भांडणाची सुरुवात नेहमी "ही लाइन आतली की सामाईक" इथूनच होते, म्हणून डक्टचे फोटो काढून ठेवा.

विम्याचं कुणी लिहिलं नाही. १ एप्रिल २०२१ पासून भारत गृह रक्षा नावाची एकसारखी पॉलिसी सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे आहे. त्यात टाक्या, पाइप फुटून किंवा ओसंडून झालेलं नुकसान येतं, म्हणजे तुमच्या घराचं आणि सामान धरलं असेल तर सामानाचं. हळूहळू झिरपणारी ओल त्यात धरू नका. आणि काकूंचे गहू तुमच्या पॉलिसीत येत नाहीत. ज्याच्या डोक्यावर कोणी राहतं त्याने स्वतःची घ्यावी.

बीसी-५४७:

खेळणी म्हणालात. त्याच खेळण्यामुळे माझ्या वॉशिंग मशीनची नळी फाटली तेव्हा मी रात्री उठलो. तुमच्या अकरा वर्षांत नहाणीवर तक्रारी आल्या कारण त्याच लोक सोसायटीकडे आणतात. नळी सुटली तर घरातल्या घरात फडकं मारून गप्प बसतात.

माजी सेक्रेटरी:

बरं सर. नळीपुरतं मान्य.

साइटवाला:

स्लॅब झाला, आता पोपड्यांचं.

ताई, सेन्सर विसरा, दोन प्रश्न विचारा. पाइपची गळती चोवीस तास चालते, तुम्ही अंघोळ करा न करा, कारण पाइपमध्ये पाणी दाबाने उभंच असतं. लादीची किंवा नहाणी ट्रॅपच्या (जाळीखालच्या निचऱ्याच्या भांड्याच्या) सांध्याची गळती फक्त पाणी वापरलं तरच. तेव्हा आठ दिवस ते बाथरूम बंद ठेवा. नळाला हात लावायचा नाही, पण लाइन चालू ठेवायची. ओल वाढतच राहिली तर पाइप. थांबली तर लादी किंवा ट्रॅप.

पाइपचा संशय आला तर प्लंबरला हातपंप घेऊन बोलवा. सगळे नळ काढून तोंडांना प्लग, मग पंपाने सात किलोपर्यंत प्रेशर चढवायचं आणि अर्धा तास काटा बघत बसायचं. काटा खाली आला तर भिंतीत कुठेतरी पाइप गळतोय. न फोडता कळतं. जो प्लंबर आल्या आल्या "लादी फोडावी लागेल" म्हणतो त्याला चहा द्या आणि परत पाठवा.

ट्रॅपसाठी: नहाणीचं तोंड घट्ट बंद करा, उंबऱ्यापर्यंत दोन बोटं पाणी भरा, त्यात खाण्याचा रंग टाका, चोवीस तास ठेवा. पातळी उतरली किंवा खाली रंग दिसला की चोर सापडला. फ्लशच्या टाकीत पण तोच रंग टाकून अर्धा तास फ्लश न करता बघा. भांड्यात रंग उतरला तर आतला वॉशर गेलाय. ही गळती कोणाच्या घरात येत नाही, सरळ ड्रेनेजला जाते, म्हणून कुणी बघत नाही आणि टँकर मागवत बसतात.

गच्चीवरचा:

काकूंचा मजला दुसरा ना? मग रंग लाल वापरू नका. आधीच गहू गेलेत, त्यात सीलिंगवरून लाल थेंब पडले तर पोलीस येतील.

हिशेबी:

दोन महिन्यांनी परत आले. हिशेब मांडते.

लाइनी मोजल्या. साइटवाल्या दादांनी सांगितल्याप्रमाणे ह्यांनी डक्टमध्ये बॅटरी मारली, मी खिडकीतून ह्यांचा शर्ट धरून उभी. पाच लाइनी निघाल्या! स्वयंपाकघर एक, दोन बाथरूमच्या दोन, संडासाची एक, आणि गॅलरीतल्या वॉशिंग मशीनसाठी आधीच्या मालकाने ओढून घेतलेली एक. पाचही चाकाच्या. पाच व्हॉल्व्ह बदलायचे, पाच मोटरा लावायच्या. ह्यांनी कागद घेतला, बेरीज केली, कागद घडी करून खिशात ठेवला आणि पंचवीस हजारांचा विषय पुन्हा काढला नाही.

त्याऐवजी स्वयंपाकघराचा आणि मशीनचा असे दोनच व्हॉल्व्ह बदलून दांडीचे घेतले, घराच्या आत हाताला येतील अशा जागी. निघताना आता मी तेही दोनदा तपासते. गच्चीवरच्या सगळ्या व्हॉल्व्हवर ऑइलपेंटने नंबर टाकले. वॉचमन आणि चौथ्या मजल्यावरचा कॉलेजचा मुलगा असे दोघं एक अख्खी सकाळ एक-एक बंद करून खाली ओरडत होते, "आता कोणाचं गेलं?" आणि मी वहीत लिहून घेत होते. सत्तावीस व्हॉल्व्ह. त्यातला एक कुणाचाच नाही. तो बंद केला तर कुठेच काही होत नाही. त्याच्यावर शून्य लिहिलंय.

आरओखाली ती फुगणारी वडीवाली डबी बसवली. नवी नळी, सरळ कापलेली, दोन्ही टोकांना क्लिप.

भिंत. ओलीच्या कडेने मी पेन्सिलीने रेघ ओढली आणि शेजारी तारीख घातली, कॅशबुकासारखी. आठ दिवस बाथरूम बंद. रेघेच्या पुढे ओल सरकली नाही. नवव्या दिवशी अंघोळी सुरू केल्या आणि तीन दिवसांत एक बोटभर पुढे. म्हणजे पाइप नाही. तरी हातपंप लावून बघितला, काटा अर्धा तास सातवर खिळलेला. मग रंग (हिरवा, गच्चीवरच्यांचा मान ठेवून). ट्रॅपचा सांधा निघाला. लादीचे चारच तुकडे काढावे लागले. नव्या लाद्या जुन्या रंगाशी जुळत नाहीत, पण मला तिथे बसून कोणाला दाखवायच्या आहेत?

साधा बझरवाला सेन्सर एक घेतला होता, वॉशिंग मशीनमागे. पहिल्याच आठवड्यात मावशींनी लादी पुसताना उचलून खिडकीत ठेवला, "भिजेल म्हणून". पंधरा दिवस खिडकीत होता. मी मावशींना समजावून सांगितलं की तो भिजण्यासाठीच आहे. त्यांनी माझ्याकडे जसं बघितलं ते लिहिता येणार नाही.

आणि सरांची कल्पना. टाकीचा बोलणारा अलार्म आणला, त्याची तार आरओच्या डबीशेजारी लादीला टेकवून चिकटवली, डबा भिंतीवर सासूबाईंच्या खुर्चीच्या बाजूला. दोन्ही पाण्यांनी तपासला. आरओचं गोड पाणी त्याला कळतं, सर. त्या दुपारी सासूबाई पेपर वाचत होत्या. मी मुद्दाम काही न सांगता आतून तारेवर वाटीभर पाणी ओतलं. आधी बझर नुसता लावून बघितला होता तेव्हा त्यांनी मानही वर केली नव्हती. या वेळी बाई बोलायला लागली, टंकी भर गई है, मोटर बंद कर दीजिए. सासूबाईंनी चष्मा काढला, पेपर खाली ठेवला आणि आतल्या दिशेने मला हाक मारली:

"अगं ए, ही कोण बाई आलीय बघ. मोटर बंद करा म्हणते. आपल्याकडे मोटर कुठंय?"